चिवडू दे तिला

लेक सव्वा वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. समोर दहीभाताची वाटी. पहिला घास तिने तोंडात घेतला, दुसरा हातात घेऊन बघितला, आणि मग वाटीच पालथी घातली. आधी एक बोट भातात खुपसलं. मग अख्खा तळहात ठेवून दाबला. बोटांच्या फटींतून भात वर आला तशी ती दचकली, हात उचलला, पुन्हा दाबला. असं सात-आठ वेळा. शेवटी तळहात गोल फिरवत तिने पाटभर भात पसरला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, ही जेवतेय की सारवतेय?"

मी फडकं घेऊन धावलेच होते. पण ती सात-आठ वेळा तेच करत होती, आणि दर वेळी चेहरा तितकाच गंभीर होता, हे पाहून थांबले. पुढे त्या विषयावर बरंच वाचलं, घरात बरंच करून पाहिलं. काही फसलं, काही जमलं. ते सगळं इथे सोपं करून सांगते.

आपल्या भाषेत या प्रकाराला शब्दांची कमी नाही. चिवडणं, बरबटणं, लडबडणं, माखणं, राडा घालणं. गंमत म्हणजे यातले जवळजवळ सगळे शब्द आपण रागावतानाच वापरतो. पालकांच्या हल्लीच्या गप्पांत त्याला 'मेसी प्ले' म्हणतात आणि त्याची तयार किट हजार-दीड हजाराला मिळतात. किटची गरज नाही, हे आधीच सांगून टाकते. परात, पाणी, पीठ, माती आणि मोरी एवढं पुरतं.

आता मूल चिवडतं तेव्हा नेमकं होतं काय?

बोटांच्या टोकांच्या त्वचेखाली स्पर्श टिपणाऱ्या मुख्यतः चार प्रकारच्या सूक्ष्म रचना असतात. एकीला हलका स्पर्श आणि निसटणारी वस्तू कळते, दुसरीला स्थिर दाब आणि कडा, तिसरीला कंपनं, चौथीला त्वचेचा ताण. दहीभातात हात घातला की चारही एकदम कामाला लागतात. प्लॅस्टिकचा ठोकळा धरल्यावर हातभर माहिती मिळते खरी, पण पुढच्या क्षणीही तीच. भात मात्र दाबला की बदलतो, उचलला की ओघळतो, वाळला की चिकटतो.

१९३०च्या दशकात कॅनडात वाइल्डर पेनफील्ड नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक रुग्णाला जागं ठेवून शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा अगदी सौम्य स्पर्श करायचा आणि रुग्णाला विचारायचं, कुठे काय जाणवलं? त्यातून शरीराचा जो नकाशा तयार झाला तो भलताच बेढब निघाला. हात, ओठ आणि जीभ यांना प्रचंड जागा, आणि एवढ्या रुंद पाठीला चिंचोळी पट्टी. तान्हं मूल प्रत्येक गोष्ट हातात आणि लगेच तोंडात का घालतं, याचं उत्तर या नकाशात आहे. त्याच्याकडची सगळ्यात चांगली मोजपट्टी तीच आहे.

शब्दांचाही इथे संबंध येतो, आणि तो मला सगळ्यात मजेशीर वाटला. वाटी, चेंडू, चप्पल यांना ठरलेला आकार असतो. मूल त्यांची नावं आकारावरून शिकतं. लाल असो की निळा, गोल आहे ना, मग चेंडू. पण दही, ताक आणि श्रीखंड यांचं काय? ज्या भांड्यात ओताल तो त्यांचा आकार. नुसतं बघून दही आणि ताक वेगळं कळणं मोठ्यांनाही कधी कधी जड जातं, बोट घातलं की एका क्षणात कळतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच्यावरच आहे. सोळा महिन्यांच्या मुलांपुढे त्यांनी सूप, रस, पुडिंग असे चौदा पातळ-मऊ पदार्थ ठेवले आणि त्यांना खोटीच नावं दिली. थोड्या वेळाने तोच पदार्थ वेगळ्या आकारात पुढे आला तेव्हा तो कुणी ओळखला? ज्यांनी आधी त्यात हात घातला, चाखला, फेकला, अंगाला फासला त्यांनी जास्त चांगला. आणि जेवायच्या उंच खुर्चीत बसवलेली मुलं यात पुढे होती, कारण तिथे चिवडायची त्यांना सवयच होती. एका प्रयोगावरून घराघरात दहीभात उधळायचा कायदा करू नये, पण त्या दिवशी माझ्या लेकीच्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा मला त्यानंतर जास्त कळला.

मोठ्या मुलांचं पाण्याचं वेड असंच आहे. झाँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग घरी सहज करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. चार वर्षांच्या मुलाला विचारा, सारखं आहे ना? हो म्हणेल. आता एका पेल्यातलं पाणी त्याच्यासमोर उंच, निमुळत्या ग्लासात ओता. "आता कशात जास्त?" बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. माझ्या लेकीने दाखवलं. मी पाणी पुन्हा पेल्यात ओतलं, तर म्हणाली, "आता परत सारखं झालं." पुन्हा ग्लासात. "आता परत जास्त." तिला यात कुठेच खटकलं नाही. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत हे असंच चालतं आणि समजावून फारसा उपयोग होत नाही, मी करून पाहिलं. तांब्यातून परातीत, परातीतून वाटीत, वाटीतून पुन्हा तांब्यात असं शेकडो वेळा ओतत राहणं हेच त्याचं कच्चं साहित्य. मोरीत अर्धा तास तेच तेच करणारं मूल कंटाळवाणं काही करत नसतं.

आणि हाताचं काय? आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, मऊ, लवचीक कूर्चा असते. एकेक करून ती कडक होत जातात आणि शेवटचं हाड तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन 'अ' गिरवून घेणाऱ्या आपल्या घाईकडे हे लक्षात ठेवून बघा. कणीक तिंबणं, चिखल थापणं, ओला स्पंज पिळणं यांत तळहाताचे आणि बोटांचे छोटे स्नायू भरपूर काम करतात, तेही रेघेबाहेर गेल्याची भीती न घालता.

आता माझा सगळ्यात आवडता खेळ. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर आणि एक वाटी पाणी. कॉर्नफ्लोअर म्हणजे सूप आणि मंचुरियनला लागतं ते पांढरं, करकरणारं. पोळ्यांचं पिवळसर मक्याचं पीठ घेतलंत तर साधं पिठलं होईल, पहिल्यांदा मी तीच चूक केली होती. परातीत कालवायला सुरुवात केली की हाताला काहीतरी विचित्र लागतं. हळूच बोट बुडवा, दुधासारखं आत जातं. त्यावर बुक्की मारा, टणक. मूठभर उचलून भराभर वळलंत तर लाडू होतो, आणि वळायचं थांबवलंत की तोच लाडू बोटांतून ओघळून परातीत पडतो. लेकीने पहिल्यांदा हे केलं तेव्हा रिकाम्या मुठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग मूठ उलटी करून मागे लपलाय का तेही पाहिलं.

कारण सोपं आहे. स्टार्चचे बारीक कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगत असतात. हळू हलवलं तर कणांमधलं पाणी वंगणासारखं काम करतं आणि ते एकमेकांवरून सरकतात. झटक्याने दाबलं तर मधलं पाणी बाजूला होतं आणि कण एकमेकांत अडकून बसतात. लोकलच्या दारात सगळे एकदम घुसले की जसे अडकतात, तसंच. खेळ झाल्यावर हे सिंकमध्ये ओतू नका, पाइपात बसतं. परात उन्हात ठेवा, वाळलं की पापुद्रे निघतात, ते कचऱ्यात.

इथे घरातल्या मोठ्यांचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अन्न हे पूर्णब्रह्म, त्याच्याशी खेळायचं नाही. आमच्याकडे सासूबाईंनी हे एकदाच सांगितलं, पण असं सांगितलं की मी पीठाचा डबा बंद केला. विचार करता करता वाटलं, आपल्या स्वयंपाकघरात खेळ आणि काम यांच्यात भिंत आहे कुठे? मटार सोलायला बसवा. मेथी निवडायला द्या. उकडलेले बटाटे कुस्करायला द्या. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा हातात द्या, त्याची चिमणी होते, साप होतो, शेवटी गोळा काळा पडला तर गाईला जातो. सासूबाईंची याला हरकत नाही. उलट आता त्याच लेकीला शेंगा फोडायला घेऊन बसतात.

याचा एक फायदा ताटातही दिसतो. इंग्लंडमधल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना खऱ्या भाज्या-फळांशी हाताने खेळू दिलं. नुसती ती बघणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांनी नंतर जास्त प्रकार चाखून बघितले. भाजी बघून तोंड फिरवणाऱ्या मुलाची त्या भाजीशी आधी ताटाबाहेर ओळख होऊ द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. माझी लेक दुधी अजूनही खात नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

मातीत हात घालू देणं ही काही परदेशी कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते शेजारच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं परवडणार नव्हती आणि आदिवासी मुलांना ती आपली वाटलीही नसती. मग बिया, शिंपले, पानं, फुलं, दगड, माती हीच साधनं झाली. मूल बालवाडीत येत नसेल तर वाडी त्याच्या अंगणात न्यायची. आणि मुलं गुरं राखायला गेली असतील तर शाळा कुरणात. दिवाळीतला किल्ला तरी दुसरं काय आहे? लाल माती, गोणपाट, विटांचे तुकडे, चाळून घेतलेल्या मातीवर पेरलेले अळीव, कोपरापर्यंत चिखल आणि सहा पोरांची भांडणं. सोसायटीच्या आवारात हल्ली प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून ठेवतात, तो मला अजिबात आवडत नाही. मावळे मांडण्याला दहा मिनिटं लागतात. खरी मजा आधीच्या तीन दिवसांच्या चिखलात असते.

फ्लॅटमध्ये हे जमवायचं कसं? माझा एकच नियम आहे. हात मोकळा, जागा बांधलेली. काय करायचं ते तिने ठरवायचं, कुठे आणि कधी ते मी. जागा म्हणजे मोरी किंवा गॅलरी, आणि दिवाणखान्यात असेल तर जुनी चादर, तिच्यावर परात, परातीबाहेर गेलं की खेळ बंद. वेळ आंघोळीच्या आधीची. हे मला फार उशिरा सुचलं. एरवी बरबटलेल्या मुलाला पुसत बसायचं, कपडे बदलायचे, पुन्हा संध्याकाळी आंघोळ. आंघोळीआधी खेळवलं की सगळं एकाच पाण्यात निघतं. अंगावर जुनी बनियन, थंडी नसेल तर नुसती चड्डी. पाण्याची टंचाई असेल त्या दिवसांत अर्धी बादलीच द्यायची आणि खेळून झालेलं पाणी तिनेच कुंड्यांना घालायचं. वीस मिनिटं पुरतात. आठवड्यातून दोनदा जमलं तरी पुष्कळ. रोज जमवायला गेलात तर तुम्हीच वैतागाल आणि वैतागलेल्या आईसमोर खेळण्यात मुलाला मजा नसते.

"हे काय केलंस? सूर्य केलास का?" असं विचारू नये, हे मात्र मला जमत नाही. चिखल थापणाऱ्या मुलाला त्यातून काही 'करायचं' नसतं. आपणच फोटोसाठी सूर्य शोधत असतो.

धोक्यांबद्दल मात्र मी कडक आहे. सगळ्यात पहिलं पाणी. तान्हं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं. डोकं जड असतं, बादलीत उलटं पडलं की वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. फोन आला तर मुलाला उचलून घेऊन जायचं किंवा फोन वाजू द्यायचा. खेळ संपला की बादली रिकामी.

दुसरं, दाणे. हरभरा, वाटाणा, चिंचोके, मणी. लहान मुलं ते नाकात आणि कानात घालतात, आणि नाकातला हरभरा ओलाव्याने फुगतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे अशा गोष्टींचा साठा असतो. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर प्रकरण जिवावर बेततं. तीन वर्षांखालच्या मुलाला दाण्यांची परात देऊच नका, आणि त्यापुढेही शेजारी बसूनच. कच्चा राजमा चावला तर पोट बिघडवतो. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी तर घरात आणूच नका. गिळले तर पोटात जाऊन आणखी फुगतात आणि आतडं अडवतात.

तिसरं, पावडरी. बाजारातली रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती हवेत उडून छातीत जाणं चांगलं नाही. त्याऐवजी तांदळाची पिठी घ्या. कुंकू-गुलालात काय मिसळलंय याची खात्री नसते. चुना तर कधीच नको, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. कच्चं पीठ खाऊ द्यायचं नाही, त्यात जंतू असू शकतात. भरपूर मीठ घालून केलेली कणीक टिकते छान, पण ती गिळणाऱ्या वयाच्या मुलासाठी नाही. आणि घरगुती स्लाइमसाठी, म्हणजे खेळायच्या लिबलिबीत गोळ्यासाठी, बोरॅक्स ही रासायनिक पावडर वापरायला सांगणारे व्हिडिओ सरळ टाळा.

माती निवडताना मांजरं-कुत्री घाण करतात ती जागा टाळा. खेळून झाल्यावर साबणाने हात, नखांसकट. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असू द्या. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, त्या दिवशी अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना जंताची गोळी फुकट मिळते. मातीत खेळणाऱ्या मुलासाठी ती चुकवू नका.

सगळ्याच मुलांना बरबटायला आवडतं असं नाही. माझा भाचा बोटाला थेंब लागला तरी हात लांब धरून "पूस, पूस" करायचा. वाळूवर पाय ठेवत नसे. अशा मुलाचा हात धरून चिखलात बुडवण्याचा शहाणपणा आमच्याच घरात एका काकांनी केला, आणि तो पुढचे दोन महिने गॅलरीतसुद्धा गेला नाही. त्याला चमचा द्या, ब्रश द्या. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत रंग भरून तोंड घट्ट चिकटपट्टीने बंद करा आणि वरून दाबू द्या. शेजारी ओलं फडकं ठेवा, हवं तेव्हा हात पुसता येईल या भरवशावरच काही मुलं हात घालतात. पण कपड्यांची लेबलं, केस कापणं, नखं कापणं, बहुतेक पदार्थ, सगळ्यालाच मूल असं बिथरत असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे मुलांना रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवतील, त्यांचं हे रोजचं काम आहे.

आता राहिला तो प्रश्न, जो या विषयावरच्या छान छान लेखांत कुणी विचारत नाही. आवरायचं कुणी? बाबांनी रविवारी हौसेने चिखल खेळवायचा आणि आईने किंवा कामाच्या मावशींनी फरशी घासायची, हे बरोबर नाही. आमच्याकडे जो खेळवेल तो आवरेल, असं ठरल्यापासून नवऱ्याच्या खेळांचा आकार आपोआप परातीएवढा झाला. लेकीलाही फडकं मिळतं. ती पुसते कमी, पसरवते जास्त, पण फडकं पिळायला तिला मनापासून आवडतं. मावशींसाठी आम्ही काहीही ठेवत नाही.

डागांचं थोडक्यात. चिखल ओला असताना घासू नका, वाळू द्या, झटका, मग धुवा. बीट लगेच गार पाण्यात. हळदीची मात्र एक गंमत आहे. गेल्या महिन्यात लेकीने हळदीच्या पाण्याने फ्रॉकवर "ऊन" काढलं. मी घाईघाईने साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. मी कपाळाला हात लावला. सासूबाई हसल्या, "अगं, कुंकू नाही का असंच करत? हळदीला चुना लागला की लाल. तुझ्या साबणातही तसलंच काहीतरी असणार." बरोबर होतं त्यांचं. साबण क्षारधर्मी, हळद त्यात लाल होते, आणि भरपूर पाण्याने खंगाळलं की पुन्हा पिवळी. आणि त्या पिवळ्याला घासत बसायचं नाही, उन्हात टाकायचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

फ्रॉक दोन दिवस गॅलरीतल्या दोरीवर होता. लेक दर तासाला जाऊन बघायची, तिचं ऊन किती उरलंय ते.